घरात पुन्हा क्री बोलायची तर

कॅनडातल्या सॅस्काटून शहरात मी लहान मुलांच्या एका केंद्रात काम करते. तान्ह्या बाळापासून पाच वर्षांपर्यंतची मुलं आणि त्यांचे आईवडील असा आमचा गोतावळा. त्यातली बरीचशी कुटुंबं क्री या इथल्या मूलनिवासी समाजातली आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या चार-पाच आयांनी मिळून एक मागणी केली. केंद्रात तुम्ही आठवड्यातून एकदा क्री गाणी म्हणून घेता ते छानच आहे, पण आम्हाला ही भाषा घरी हवी आहे, त्या म्हणाल्या. जेवताना, आंघोळ घालताना, मूल झोपवताना. त्यासाठी काही करता येईल का? ते काम माझ्याकडे आलं आणि तेव्हापासून ते माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं काम झालं आहे.

क्री शिकवणारी मी नाही. भाषा त्यांची, आणि शिकवणाऱ्या त्यांच्याच आज्या. मी मिरजेची, कॅनडात आले तेव्हा या भाषेचं नावही धड ऐकलेलं नव्हतं. माझ्याकडची कामं वेगळी आहेत. आजीला घरी घेऊन जायचं, तिचं बोलणं रेकॉर्ड करायचं, घरातल्या कोणत्या वेळी कोणती वाक्यं लागतात ते आईबरोबर बसून काढायचं, आणि पुढच्या आठवड्यात परत जाऊन कुठे अडतंय ते बघायचं. ज्या घराबद्दल इथे लिहिते आहे त्यांना विचारून, नावं टाळून लिहिते आहे.

‘क्री’ हे नाव फ्रेंचांकडून इंग्रजीत आलेलं. हे लोक स्वतःला नेहियवक म्हणतात आणि भाषेला नेहियवेविन. अल्बर्टापासून पार पूर्वेकडे क्वेबेकपर्यंत ही भाषा पसरलेली आहे, तिच्या बोलीही बऱ्याच. २०२१ च्या जनगणनेत क्री बोलता येणाऱ्यांची संख्या सुमारे ८६ हजार होती. कॅनडातल्या मूलनिवासी भाषांमध्ये हा आकडा सगळ्यात मोठा. पण २०१६ मध्ये तोच ९६ हजारांच्या वर होता. उत्तरेकडच्या काही वस्त्यांमध्ये आजही मुलं क्रीमध्ये भांडतात, खेळतात. शहरातली गोष्ट वेगळी. माझ्या कामातल्या जवळपास प्रत्येक घरात एकच चित्र दिसतं. आजीला भाषा येते, आईला कळते पण बोलता येत नाही, आणि मुलाला ‘तानिसि’ म्हणजे ‘कसा आहेस’ एवढं एकच माहीत असतं.

हे आपोआप झालेलं नाही. कॅनडात सरकारच्या पैशावर आणि चर्चच्या हाताने चाललेल्या निवासी शाळा होत्या. दीड लाखाहून जास्त मूलनिवासी मुलं तिथे नेली गेली आणि घरची भाषा बोलल्याबद्दल त्यांना मार बसत असे. यातली एक अगदी शेवटपर्यंत चाललेली शाळा इथेच, आमच्या सस्कॅचेवन प्रांतात पनिची गावाजवळ होती. ती १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे माझी बारावी त्याच्या आसपासची. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ११ जून २००८ रोजी. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ज्या ९४ शिफारशी केल्या त्यात भाषांबद्दलच्याही आहेत, आणि २०१९ मध्ये मूलनिवासी भाषांचा कायदाही झाला. हे सगळं आवश्यकच होतं. पण मी ज्या घराबद्दल लिहिते आहे तिथली आजी सहाव्या वर्षी अशा एका शाळेत गेली, आणि तिथून बाहेर पडताना तिने मनाशी ठरवलं की आपल्या मुलांच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही. म्हणून ती मुलांशी कधीच क्री बोलली नाही. बहिणींशी बोलायची, नवऱ्याशी बोलायची, फोनवर बोलायची. मुलं कोपऱ्यात बसून ऐकायची. त्यांच्या कानात भाषा शिरली, तोंडात मात्र आली नाही.

त्या आजीला सगळे ‘नोह्कोम’ म्हणतात, म्हणजे माझी आजी. मलाही तिने तसंच म्हणायला सांगितलं. तिच्याकडे मदत मागायला जाताना लेकीने तिला तंबाखू दिला. वडीलधाऱ्यांकडे ज्ञान मागायचं तर आधी तंबाखू द्यायचा, ही इथली रीत आहे. नोह्कोम तिची सख्खी आई होती, तरी लेकीने रीत पाळली. कापडात बांधलेली ती छोटी पुडी नोह्कोमने घेतली, बराच वेळ हातात धरून ठेवली आणि मग ‘एहा’ म्हणाली. एहा म्हणजे हो.

पहिला प्रश्न असा की सुरुवात कुठून करायची. भिंतींवर चिठ्ठ्या चिकटवायच्या ही बहुतेकांची पहिली कल्पना असते. दार, खुर्ची, फ्रिज, प्रत्येकावर क्री नाव. मला यात फारसा अर्थ वाटत नाही. महिन्याभरात चिठ्ठ्या दिसेनाशा होतात, आणि मुळात क्री ही क्रियापदांवर उभी असलेली भाषा आहे. आपण ‘टोपी घाल’ असे दोन शब्द वापरतो तिथे त्यांचा एकच शब्द असतो आणि टोपी त्याच्या पोटात असते. नावांची यादी पाठ करून मूल बोलायला लागत नाही. त्यापेक्षा दिवसातली एक वेळ निवडायची आणि ती पूर्णपणे क्रीच्या हवाली करायची. बाकी दिवस इंग्रजीत गेला तरी चालेल, पण त्या वेळेत इंग्रजी नाही.

आम्ही दाराजवळची वेळ निवडली. सस्कॅचेवनमध्ये जानेवारीत उणे तीस सहज होतं. चार वर्षांच्या मुलाला बाहेर काढायचं म्हणजे बर्फातली विजार, जाड कोट, बूट, टोपी, हातमोजे, वर मफलर, आणि परत आल्यावर हे सगळं उलट्या क्रमाने. रोज दोनदा तरी हा सोहळा होतोच. वस्तू त्याच, क्रम तोच, आणि आईला काहीही जास्तीचा वेळ काढायला लागत नाही. शिवाय त्या शब्दांची घडणच अशी आहे की मुलाला ती खेळासारखी वाटते. पोस्तस्किसिने म्हणजे बूट घाल, केतस्किसिने म्हणजे बूट काढ. पोस्तस्तोतिने, टोपी घाल. केतस्तोतिने, टोपी काढ. पोस्तस्तिसे, केतस्तिसे, हातमोजे घाल आणि काढ. ‘पोस्त’ने सुरू झालं की घालायचं, ‘केत’ने सुरू झालं की काढायचं. हे त्या पोराला कोणी समजावून सांगितलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तो टोपी डोक्यावर ठेवत-काढत स्वतःच पोस्त, केत, पोस्त, केत करत बसला होता.

त्याच्या जोडीला दाराशी लागणारे आणखी थोडे शब्द. वयवी, बाहेर जा. पीह्तोक्वे, आत ये. किपह इस्क्वाह्तेम, दार लाव. कियिपा, लवकर. आणि चेस्क्वा, म्हणजे थांब जरा. प्रत्येक घरात मुलं सगळ्यात आधी उचलतात तो शब्द चेस्क्वाच, कारण त्यांना तो दिवसभर ऐकायला लागतो आणि लगेच मोठ्यांवर उलटवताही येतो.

पण खरी अडचण मुलाची नव्हती. नोह्कोम दाराशी येऊन बसायची, मुलगा समोर यायचा, आणि तिच्या तोंडून इंग्रजीच निघायची. ‘आज आपण क्री बोलायचं हं,’ हेसुद्धा इंग्रजीत. चाळीसेक वर्षं तिने लहान मूल दिसलं की इंग्रजीत बोलायची सवय लावून घेतली होती, आणि ती सवय भीतीतून लागलेली होती. पहिले काही आठवडे ती दोन क्री वाक्यं बोलायची आणि तिसरं वाक्य नकळत इंग्रजीत जायचं. तिला आठवण करून देणं मला योग्य वाटत नव्हतं. तिच्या वयाच्या बाईला, तिच्या स्वतःच्या भाषेबद्दल, मी कोण सांगणार.

उपाय तिच्याच लेकीने काढला. दाराजवळ एक बुटकं स्टूल होतं, बूट घालायला बसायचं. लेक म्हणाली, या स्टुलावर बसलं की क्री, उठलं की काहीही बोल. नोह्कोमला हे पटलं. आता ती स्टुलावर बसते तेव्हा तिचा आवाजसुद्धा बदलतो, खालच्या पट्टीत जातो, सावकाश होतो. मुलालाही ते कळतं. त्याला काही इंग्रजीतच सांगायचं असेल तर तो तिचा हात धरून तिला स्टुलावरून उठवतो.

मधल्या पिढीबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण घरात भाषा राहते की जाते ते तिच्यावर ठरतं, आणि सगळ्या योजना मात्र मुलांसाठी आखलेल्या असतात. ही आई तिशीतली. नोह्कोम जे बोलते ते तिला सगळं कळतं, विनोदसुद्धा. कळून ती हसते आणि उत्तर इंग्रजीत देते. मी तिला एकदा विचारलं, शब्द आठवत नाहीत का? ती म्हणाली, आठवतात, पण घशाशी येऊन थांबतात. लहानपणी एकदा कुठल्या कौटुंबिक जमावात ती दोन वाक्यं क्रीमध्ये बोलली होती आणि मामे-मावश्या तिच्या उच्चारांवर खूप हसले होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. नेहियवकांच्या घरात हसणं, चिडवणं हे प्रेमाचंच असतं आणि भरपूर असतं. पण ती त्यानंतर बोलली नाही ती नाहीच.

असे गप्प समजणारे लोक मला घरोघर भेटतात. त्यांच्यासाठी शिकाऊंचा वर्ग निरुपयोगी असतो, कारण ‘हा कुत्रा, हे मांजर’ त्यांना कधीच येत असतं. त्यांना हवी असते अशी जागा जिथे कोणी ऐकत नाही आणि तरीही कोणीतरी ऐकतं. या आईला ती जागा तिच्या तान्ह्या मुलीत सापडली. त्या सुमारास धाकटी तीन महिन्यांची होती. मी सुचवलं होतं की मोठ्याशी लगेच बोलायचा आग्रह धरू नकोस, लंगोट बदलताना बाळाशी बोल. बाळ हसणार नाही, चूक काढणार नाही, इंग्रजीत उत्तर देणार नाही. तिने ते मनावर घेतलं. रात्री दिवा मंद करून लंगोट बदलताना ती कुजबुजत बोलायची. चेस्क्वा, नितानिस. थांब, माझ्या लेकी. किसाकिहितिन. माझं तुझ्यावर प्रेम आहे. आधी तेच तेच चार-पाच शब्द, मग बाळाला पडलेल्या गारठ्याबद्दल, दुधाबद्दल, बाहेरच्या वाऱ्याबद्दल. तिच्या तोंडून पूर्ण वाक्यं निघायला लागली ती अशी, आणि पहिल्यांदा ती कोणी ऐकली असतील तर शेजारच्या पलंगावर जागा असलेल्या मोठ्याने. एका सकाळी तो दाराशी बूट घालताना बहिणीला म्हणाला, ‘चेस्क्वा, निसीमिस.’ निसीमिस म्हणजे माझं धाकटं भावंड. हा शब्द दाराच्या यादीत नव्हता. तो त्याने आईकडून रात्री घेतला होता.

हसण्याबद्दल मात्र घरात बसून बोलावं लागलं. नोह्कोमचं म्हणणं होतं की न हसता क्री बोलायची म्हणजे ती क्री राहणारच नाही. हे खरंही आहे. तिच्या बहिणी एकत्र जमल्या की मिनिटाला एक हास्याचा फवारा उडतो. शेवटी ठरलं ते असं : गोष्टीवर हसायचं, बोलण्याच्या ढंगावर नाही. आणि कोणी चुकलं तर ‘असं नाही, असं’ म्हणायचं नाही. बरोबर रूप आपल्या उत्तरात घालून परत म्हणायचं. आई म्हणते, मुलाला भाकरी खायची आहे, आणि ‘खा’ साठी चुकीचं क्रियापद वापरते. नोह्कोम फक्त म्हणते, ‘एहा, मोव पह्क्वेसिकन,’ हो, खा भाकरी, आणि विषय पुढे जातो.

ही खाण्याची गोष्ट जरा उलगडून सांगते, कारण घरी शिकणाऱ्यांना इथेच सगळ्यात जास्त घाम फुटतो. क्रीमध्ये नामांना आपल्यासारखी तीन लिंगं नाहीत. सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग आहेत, पण हा जीवशास्त्राचा हिशेब नव्हे. पह्क्वेसिकन म्हणजे बॅनक, इथली जाड भाकरी, ती सजीव वर्गातली. तिच्यासाठी ‘मोव’. वियास म्हणजे मांस निर्जीव वर्गातलं. त्याच्यासाठी ‘मीचि’. दगड सजीव, बूट निर्जीव, बर्फ सजीव. मोठ्यांनी याचं कोष्टक करून पाठ करायला घेतलं की ते हमखास वैतागतात. मुलं ताटावरून शिकतात. ‘भिंत’ ती का आणि ‘दगड’ तो का हे आपल्याला तरी कोणी शिकवलं होतं?

नातीगोती मात्र मला जड गेली नाहीत, आणि नोह्कोमला याचं भारी नवल वाटलं. इंग्रजीत सगळे अंकल आणि आंटी. क्रीमध्ये आईची बहीण वेगळी, वडिलांची बहीण वेगळी, काका वेगळा, मामा वेगळा. मावशीला ‘निकावीस’ म्हणतात, त्यात आईचाच शब्द धाकटा होऊन आलेला असतो. वडिलांचा भाऊ ‘नोह्चावीस’, तसाच धाकटा बाप. मामा ‘निसिस’, आणि सासऱ्यालाही निसिसच. आत्या ‘निसिकोस’, आणि सासूलाही तोच शब्द. मी नोह्कोमला सांगितलं की आमच्याकडेही सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणण्याची पद्धत होती, माझी आई अजून म्हणते. मग ती अर्धा तास मला माझ्या घरच्या एकेका माणसाबद्दल विचारत बसली आणि प्रत्येकाला क्री नातं लावून दिलं. घरात भाषा आणताना नात्यांचे शब्द फार लवकर आणावेत असं माझं मत आहे. ते रोज लागतात, त्यांना वेगळी वेळ लागत नाही. हाक मारायची रूपं तर इतकी सुटसुटीत आहेत की मुलं ती लगेच घेतात. ‘नेका’ म्हणजे अगं आई, ‘नोह्ता’ म्हणजे अहो बाबा. मुलाने पहिल्यांदा स्वयंपाकघरातून ‘नेका!’ अशी हाक मारली तेव्हा त्याची आई हातातलं काम टाकून आली होती.

लिहिण्याचं काय, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. क्री दोन प्रकारे लिहितात, रोमनमध्ये आणि स्वतःच्या अक्षरलिपीत. ही लिपी जेम्स इव्हान्स या धर्मोपदेशकाने १८४० मध्ये नॉर्वे हाउस या कॅनडातल्याच वस्तीत छापली असं पुस्तकं सांगतात. नेहियवकांची स्वतःची हकिगत अशी की मिस्तानास्कोवेव या त्यांच्या माणसाला ती परलोकातून मिळाली. नोह्कोम दुसरी हकिगत सांगते आणि तिच्या घरात तीच सांगितली जाते. या लिपीत व्यंजनाचा एक आकार असतो आणि तो फिरवला की स्वर बदलतो. ‘प’चा कोन डावीकडे टोक करून ठेवला तर ‘प’, वर केला तर ‘पि’, उजवीकडे ‘पो’, खाली ‘पे’. मला ती पाहताच आपली बाराखडी आठवली. इव्हान्सच्या कामामागे पिटमनच्या लघुलिपीबरोबर देवनागरीचाही प्रभाव असल्याचं बरेच अभ्यासक मानतात, हे मला नंतर समजलं. मुलाने फ्रिजवरच्या चुंबकाचा तो कोन फिरवत प, पि, पो, पे म्हणायला फार दिवस घेतले नाहीत.

माझ्या स्वतःच्या वहीत मी क्री देवनागरीत लिहिते. त्यात ऱ्हस्व-दीर्घ नेमकं पकडता येतं आणि क्रीमध्ये त्यावाचून चालत नाही. साकहिकन म्हणजे तळं आणि सकहिकन म्हणजे खिळा. निपिय म्हणजे पाणी, नीपिय म्हणजे पान. इंग्रजीत वाढलेल्या कानाला हा फरक ऐकू यायलाच वेळ लागतो. आपल्याला तो जन्मतःच मिळालेला असतो. त्यांचा ‘च’सुद्धा बराचसा आपल्या ‘चमचा’मधल्या ‘च’सारखा. पण हे माझ्यापुरतं. घरच्यांना मी एकच सांगते की आधी काही महिने लिहूच नका. ऐका आणि बोला. लिहिलेलं दिसलं की डोळे इंग्रजी वाचायला लागतात आणि उच्चार बिघडतो.

मधे एक गुंता झाला तो बोलींचा. नोह्कोम मैदानी क्री बोलते. मुलाचे वडील उत्तरेकडचे, ला राँजच्या बाजूचे, त्यांच्या घरची बोली जंगलातली क्री. ‘मी’ म्हणायला नोह्कोम ‘निय’ म्हणते, वडिलांची आई ‘निथ’. पूर्वेकडे जावं तसं ‘निन’, ‘निल’, ‘निर’ अशीही रूपं सापडतात. वडिलांना वाटायला लागलं की आपलं घरचं बोलणं चुकीचं आहे, कारण पुस्तकांमध्ये बहुतेक मैदानी रूपंच असतात. ते दाराजवळच्या खेळात भाग घेईनासे झाले. मला हा प्रकार सांगलीकडच्या आणि मालवणच्या मराठीवरून नीट माहीत होता. आम्ही वडिलांच्या आईशी दर रविवारी व्हिडिओ कॉल ठरवला. त्या वेळी ‘निथ’. मुलगा आता एका आजीशी एक आणि दुसरीशी दुसरं बोलतो, आणि त्याला त्यात काही अवघड वाटत नाही. वडील बोलायला लागले ते मात्र हॉकीमुळे. २०१९ च्या मार्चमध्ये एपीटीएन या मूलनिवासी वाहिनीने राष्ट्रीय हॉकी लीगचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचा, सामना पहिल्यांदा मैदानी क्रीमध्ये सांगितला होता. वडिलांनी तो त्यांच्या आईबरोबर बसून पाहिला होता, आणि सत्तरीची ती बाई शेवटच्या मिनिटापर्यंत उठली नव्हती. आता बैठकीत बापलेक हॉकी लावतात, आवाज बंद करतात आणि वडील आपल्या बोलीत समालोचन करतात. आला, गेला, मारलं, अडवलं. सगळी क्रियापदंच.

साधनांबद्दल विचाराल तर मी तीनच सांगेन. ‘इत्वेविना’ हा अल्बर्टा विद्यापीठातल्या मंडळींनी केलेला ऑनलाइन शब्दकोश, ज्यात क्रियापदाची रूपं सापडतात आणि पुष्कळ शब्दांचे उच्चार ऐकता येतात. उत्तर सस्कॅचेवनमधलं मिसिनिपी रेडिओ, ज्यावर क्री आणि डेने भाषांत कार्यक्रम असतात. आणि आपल्याच आजीचा आवाज फोनवर रेकॉर्ड केलेला. यातलं तिसरं सगळ्यात मोलाचं. रेकॉर्ड करताना मी प्रत्येक वाक्य दोनदा घेते, एकदा सावकाश आणि एकदा नेहमीच्या वेगात. पुस्तकात ‘तानिसि’ असतं, आजी ‘तान्सि’ म्हणते. पुस्तकात नाहीसाठी ‘नमोया’, आजीच्या तोंडी नुसतं ‘मोया’. मुलांनी आजीचं ऐकावं.

गोष्टींचा भाग हिवाळ्यातला. वीसहकेचाह्क या खोडकर, बदलत्या रूपाच्या नायकाच्या गोष्टी जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या असतात. बर्फ वितळलं की नोह्कोम थांबते, कितीही आग्रह केला तरी. सुरुवातीला माझ्या डोक्यात वेळापत्रक होतं आणि त्यात गोष्टी एप्रिलपासून लावलेल्या होत्या. नोह्कोमने कागद बघितला, गोष्टींवर काट मारली आणि त्या नोव्हेंबरपासून लिहिल्या. आता घरातलं पुढचं सगळं ऋतूंप्रमाणे चालतं. ती गोष्ट सांगते तेव्हा भाषांतर करत नाही. मुलगा निम्मं समजतो, बाकीचं तिच्या हातांवरून ओळखतो, आणि दुसऱ्या दिवशी आईला विचारतो. मग आईला सांगावं लागतं, आणि ते तिला क्रीमध्ये सांगता यायला लागलं आहे.

माझ्या घरातही मुलीशी मराठी टिकवायची खटपट चालू असते आणि दाराजवळच्या वेळेची युक्ती मी तिथेही वापरते. पण दोन्हींची तुलना करायला मी धजत नाही. माझी लेक उद्या मराठी विसरली तर मिरजेला तिची आत्या, मामा, शेजारीपाजारी आहेत. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली होती. या पोराच्या मागे नोह्कोम आहे, तिच्या तीन बहिणी आहेत आणि ला राँजची आजी आहे. म्हणून मला इथल्या मराठी मंडळींना मनापासून सांगावंसं वाटतं की ज्यांच्या जमिनीवर आपण येऊन राहिलो त्यांच्या भाषेतला नमस्कार तरी शिकून घ्या. सॅस्काटून हे नावच मुळात एका बोराच्या क्री नावावरून आलेलं आहे, मिसास्क्वतोमिना.

ती बोरं जुलैत पिकतात. यंदा सगळे मिळून नदीकाठी वेचायला जाणार आहोत. ‘मविसो’ म्हणजे बोरं वेच. याची तयारी दोन आठवड्यांपासून चालली आहे. मिसास्क्वतोमिना निर्जीव वर्गातली, तेव्हा खाताना ‘मीचि’. जवळपास रासबेरी सापडल्या तर त्या मात्र सजीव वर्गातल्या, त्यांना ‘मोव’. मुलाला हे आधीच पाठ आहे. वाक्यांची यादी आजवर मी करत होते, या वेळी ती त्याच्या आईने स्वतः केली आणि फोनवर नोह्कोमला वाचून दाखवली, सगळी क्रीमध्ये, न थांबता. नोह्कोमने त्यात दोन वाक्यांची भर घातली, एक अस्वलाबद्दल आणि एक डासांबद्दल. माझ्याकडे गाडी आणि बादल्यांचं काम आलं आहे.